एवारिस्तो काकांचं ब्रेक ऑइल

बाराकोआ, ४ मार्च १९९७

एवारिस्तो काका,

हे अक्षर तुमच्या ओळखीचं नाही. मी सेनाइदा, तुमच्या धाकट्या भावाची, निकानोरची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी बारा वर्षांची होते. तुमच्या टोपीत अंडी ठेवली म्हणून तुम्ही माझा कान पिरगाळला होतात. आता मी अडतीस वर्षांची आहे आणि इथल्या हवामान केंद्रात पाऊस, वारा, तापमान मोजून लिहून ठेवते. बाबांना न सांगता लिहितेय. उत्तर केंद्राच्या पत्त्यावर पाठवा.

बाबांची छप्पन्न सालची हिरवी गाडी आठवते ना? बावीस वर्षं ती ताडपत्रीखाली पडून होती. मी आणि एलिसेओने चार वर्षं खपून ती उभी केली. एलिसेओ म्हणजे बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा आमचा शेजारी. इंजिन चालतं, दिवे लागतात, हॉर्न तर अख्खी गल्ली उठवतो. फक्त ब्रेक! पेडलवर पाय ठेवला की उकडलेल्या मालांगाच्या कंदावर ठेवल्यासारखं वाटतं. तीन-चार वेळा पटापट दाबलं तर कडक होतं, जरा सोडलं की पुन्हा मऊ. सहा वेळा ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. एका बोटीवरच्या इंजिनिअरने दिलेलं डबाभर ब्रेक ऑइल त्यात संपलं.

आता खरं कारण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरीला गाडीचं खूळ लागलंय. एकाहत्तरमध्ये ग्वांतानामोहून येताना बाबांची गाडी ला फारोलाच्या घाटात कठड्यावर आदळली. सोबत बसलेल्या शेजारच्या क्रेसेन्सियाचं कंबरडं मोडलं, ती अजून लंगडते. गाडीत रमची फुटकी बाटली सापडली, दारूचा भपकारा येत होता. बाबांना सहा महिने तुरुंग झाला, लायसन कायमचं गेलं. बाबा म्हणत, थेंबही घेतला नव्हता, ब्रेक गेला. कोणी ऐकलं नाही. त्यांनी मग म्हणायचंच सोडून दिलं. पण परवा एलिसेओ पेडल दाबत होता तेव्हा बाबा दारात उभे होते. म्हणाले, "अस्साच बसला होता ब्रेक," आणि आत निघून गेले.

मला हे जाणून घ्यायचंय, काका. बाबा प्यायले होते की नव्हते? माणूस तर सांगू शकत नाही, गाडी सांगेल असं मला वाटतं. आणि ब्रेकमधलं तुमच्याइतकं कोणाला कळत नाही, हे तर बाबाही नाकारत नाहीत. तुम्हा दोघांचं का बिनसलं ते मला कोणी सांगितलेलं नाही. सांगाल?

सेनाइदा

*

कार्देनास, २१ मार्च

सेनाइदा पोरी,

अंडी पाच होती. टोपी नवी होती.

तुझं पत्र वाचून हसू आलं. होड्या दुरुस्त करणाऱ्याला ब्रेक करायला दिलेस! होडीला ब्रेक असतो का कधी? त्याला विचार, पुढच्या चाकांचे सिलिंडर कुठून आणले. मी इथे बसून सांगतो, रशियन गाडीचे. आपण सगळे तेच करतो, दुसरं मिळतं कुठे. पण ते बसवताना भोकं जुळेनात म्हणून त्याने डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठोकला असणार. मग हवा काढायचं निपल जातं खाली. हवा असते वर. तू सहा वेळा काय, साठ वेळा काढ. तेल निघेल आणि हवा वर आरामात बसून राहील. पटापट दाबल्यावर कडक होतो म्हणालीस ना? मग हवाच ती, दुसरं काही नाही. सिलिंडर अदलाबदल कर, निपल वर आण. ब्रेकचे लायनर चाकातल्या ड्रमला नीट घासून बसव. मग हवा काढ, पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी.

तेल संपलंय म्हणतेस, म्हणून माझं पाठवतो. सांतियागोच्या बसवर माझा भाचेजावई आहे, तो तिथून पुढच्या बसवाल्याच्या हाती देईल. हे मी स्वतः बनवतो. कार्देनासमधल्या साठ गाड्या या तेलावर थांबतात, तीस वर्षं झाली. एरंडेलाचं आहे, बाकीचं माझं गुपित.

राहता राहिली दुसरी गोष्ट. कोर्टाने जे ठरवायचं ते ठरवलं. तुझा बाप मनाने चांगला, पण तरुणपणी रमच्या पेल्याला नाही म्हणणारा नव्हता. जुनं उकरून कोणाला काय मिळालंय? तू ब्रेक नीट कर.

तुझी काकू होर्तेन्सिया गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेली. तुमच्यापर्यंत कळलं नसेल.

एवारिस्तो

*

बाराकोआ, १४ एप्रिल

काका,

काकूंचं कळलं नव्हतं. वाईट वाटलं. त्यांनी मला केस विंचरायला शिकवलं होतं एवढंच आठवतं, पण ते नीट आठवतं.

सिलिंडर अगदी तुम्ही म्हणालात तसेच उलटे होते! एलिसेओ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुझा काका माणूस आहे की जादूटोणेवाला?" तुमची बाटलीही पोचली. रमच्या बाटलीत भरलंय, वर लेबल तसंच! एलिसेओने डोळे मिचकावत बूच काढलं, वास घेतला आणि म्हणाला, हे गाडीला घालायचं म्हणजे पाप आहे. दवाखान्यात सुई टोचण्याआधी येतो तसा वास.

जुनं सगळं काढून तुमचं भरलं, हवा काढली आणि पेडल दगडासारखं कडक! मी अंगणात नाचले. बाबा खिडकीतून बघत होते.

रविवारी आम्ही दोघं घाट चढून गेलो. आता नीट वाचा, कारण मी सवयीप्रमाणे पट्टी नेली होती आणि दर किलोमीटरला थांबून पेडल किती खाली जातं ते मोजलं. माथ्यावर पेडल गाडीच्या तळापासून अकरा सेंटिमीटरवर अडलं. उतरताना तीन किलोमीटरवर नऊ. पाचव्यावर सहा. सातव्यावर ते सरळ तळाला टेकलं, काका. काहीच नाही, नुसती हवा. एलिसेओ कोब्रेच्या देवीचा धावा करायला लागला. मी पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन थांबवली.

आणि खरी गंमत पुढेच. आम्ही अर्धा तास तिथे बसून राहिलो, केळी खाल्ली. मग सहज पेडल दाबलं. अकरा सेंटिमीटर! काही झालंच नव्हतं असं कडक.

आधीच्या बोटीवाल्या तेलात पेडल मऊ होतं, पण सकाळी जितकं मऊ तितकंच दुपारी. आता थंड असताना कडक आणि गरम झाल्यावर गायब. हवा असती तर थंडपणीही जाणवली असती ना? मग हे काय आहे? रात्रभर माझ्या डोक्यात तेच घोळतंय.

सेनाइदा

*

कार्देनास, २९ एप्रिल

सेनाइदा,

लायनर ड्रमला घासत असतील. ढिले कर. रबरी नळ्या जुन्या असतील तर गरम झाल्यावर फुगतात, त्या बदल. सात किलोमीटर ब्रेकवर पाय देऊन उतरायचं नसतं, गिअरवर उतरायचं असतं, एवढं बापाने शिकवलं नाही?

माझ्या तेलाचा काही संबंध नाही. साठ गाड्या, तीस वर्षं, एकही तक्रार नाही. पट्टी घेऊन गाडी चालवणारी तू पहिलीच.

एवारिस्तो

*

बाराकोआ, १८ मे

काका,

रागावलात. रागावा, पण वाचा.

लायनर ढिले केले. रबरी नळ्या एलिसेओने बोटीच्या नव्या नळीतून कापून केल्या. आणि बाप शिकवतो तसं गिअरवर उतरले. तरी नवव्या किलोमीटरला पेडल खाली. अर्धा तास थांबलं की वर. दोन रविवार, दोन्हीदा तेच.

मग मी तुमच्या बाटलीत उरलेलं तेल केंद्रात आणलं. चुलीवर पातेल्यात पाणी, पाण्यात पत्र्याचा पेला, पेल्यात तुमचं तेल, तेलात आमचा थर्मामीटर. बाहेरचं पाणी अजून उकळलंही नव्हतं. ऐंशीच्या जरा पुढे गेलं आणि तुमच्या तेलातून बुडबुडे यायला लागले, भराभर. सगळं केंद्र दवाखान्यासारखं दरवळलं. शेजारी दुसऱ्या पेल्यात औषधाच्या दुकानातलं नुसतं एरंडेल ठेवलं होतं. त्याला काही झालं नाही.

म्हणजे तुमच्या तेलात स्पिरीट आहे. घाटात ड्रम तापतात, तेल तापतं, स्पिरीटची वाफ होते, आणि पाय वाफेला दाबत बसतो. थंड झालं की वाफेचं पुन्हा तेल. मागाहून कोणी तपासायला आलं तर ब्रेक ठणठणीत. कार्देनासमध्ये तुम्हाला कधी कळलं नाही, कारण तुमच्याकडे चढ म्हणजे चर्चच्या पायऱ्या. तिथे ड्रम तापणार कधी?

हे कळल्यावर मी बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून कोर्टाचा कागद काढला. चोरून काढला, खोटं कशाला सांगू. त्यात लिहिलंय, दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने ब्रेक तपासले, चालू स्थितीत होते. लिहिलंय की आरोपीचं म्हणणं, फुटलेल्या बाटलीत रम नव्हती, भावाने दिलेलं जादा ब्रेक ऑइल होतं आणि वास त्याचाच होता. आणि त्याखाली लिहिलंय, कोर्टाने भावाकडे चौकशी केली असता भावाने सहीनिशी कळवलं की आपल्या तेलात एरंडेलाखेरीज काहीही नसतं.

ती सही तुमची आहे. तुमचा ए मला आता ओळखता येतो.

काका, बाटलीत काय होतं?

सेनाइदा

*

बाराकोआ, ३० जून

काका,

सहा आठवडे झाले. पोस्टाने पत्र हरवलं असेल म्हणून पुन्हा लिहिते: बाटलीत काय होतं?

मी कोणाला काही बोललेले नाही. गाडी उभी आहे. बाबा रोज विचारतात, आता का नेत नाहीस बाहेर? मी सांगते, पाऊस आहे. हवामान केंद्रात काम करून वर कोरड्या आकाशाखाली हे सांगायचं म्हणजे तोंड लपवावं लागतं.

सेनाइदा

*

कार्देनास, २० जुलै

सेनाइदा,

पत्र हरवलं नव्हतं. दोन्ही माझ्या उशाखाली आहेत.

बाटलीत दोन भाग एरंडेल आणि एक भाग स्पिरीट होतं. नुसतं एरंडेल घट्ट पडतं, नळीतून धावत नाही, म्हणून ते लागतं. एकाहत्तरात बाजारात ब्रेक ऑइल दिसतच नव्हतं आणि स्पिरीट मिळायचं फक्त हॉस्पिटलात. तुझी काकू हॉस्पिटलच्या औषधखान्यात होती. ती दुधाच्या बाटलीत घालून, एप्रनखाली लपवून आणायची. माझ्यासाठी. तिला ते आवडत नव्हतं, मीच मागे लागायचो. गावात माझं नाव झालं होतं ना!

कोर्टाचं पत्र आलं तेव्हा ती मुलींना जेवू घालत होती. धाकटी अजून चालतही नव्हती. तेलात स्पिरीट आहे असं लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कुठून आणलं? ती तुरुंगात गेली असती. मी टेबलाशी बसलो आणि लिहिलं, एरंडेलाखेरीज काही नाही. तिने विचारलं, काय लिहिलंस? मी म्हटलं, खरं ते लिहिलं.

आणि मनाशी म्हटलं, निकानोर प्यायलाच असणार. हे मी इतक्या वेळा म्हटलं की मला ते खरं वाटायला लागलं. वासाबद्दल मी खोटं बोललो हे मला ठाऊक होतं. पण ब्रेक माझ्या तेलाने गेला, हे मला ठाऊक नव्हतं, पोरी. कोणाचीही शपथ घेऊन सांगतो, नव्हतं. तुझं एप्रिलचं पत्र वाचलं, थंड असताना कडक, गरम झाल्यावर गायब. तेव्हाच कळलं. पकडलेला माणूस चिडतो तसा मी तुझ्यावर चिडलो.

तू केलंस तेच मीही माझ्या स्वयंपाकघरात केलं. थर्मामीटर नव्हता, पण बुडबुडे दिसायला थर्मामीटर कशाला लागतो? बहात्तर वर्षांचा ब्रेकवाला स्वतःच्या पेल्याकडे बघत उभा होता. मग सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. आणि एकेका गाडीवाल्याच्या दारात गेलो. साठ दारं. सांगितलं, माझं तेल काढून टाका, डोंगराकडे तर मुळीच जाऊ नका. काहींनी दार लावलं. एकाने विचारलं, मग तीस वर्षं आम्ही कशावर थांबत होतो? म्हटलं, सपाट जमिनीवर. तो हसला नाही. मीही नाही.

सोबत दुसरा कागद आहे. त्यावर कोर्टासाठी सगळं लिहून सही केली आहे. होर्तेन्सियाला आता कोणी काही करू शकत नाही. मला करायचं तर करू देत.

हे पत्र निकानोरला वाचून दाखव. मला लिहायचं होतं की माफ कर, पण ते तुझ्या पत्रातून कसं मागू? त्याला माझं तोंड बघायचं नसेल तर तसं कळव. मी समजेन.

एवारिस्तो

*

बाराकोआ, ९ ऑगस्ट

काका,

काल बाबांना ओसरीवर बसवलं आणि तुमचं पत्र वाचलं. तुमचं नाव ऐकताच उठायला लागले. मी म्हटलं, "बसा, सव्वीस वर्षं मी वाट बघत बसलेय." बसले.

मला वाटलं होतं ते ओरडतील. ते म्हणाले, "ब्रेक ऑइलचं पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. "तेलाने ब्रेक जातो? असं तू मोजलंस?" म्हटलं, तीनदा मोजलं. आणि मग जे म्हणाले ते तुम्हाला सांगायचं की नाही याचा मी रात्रभर विचार केला, पण लपवालपवी आता पुरे.

म्हणाले, "मी घेतली होती. ग्वांतानामोत माझ्या मित्राच्या, फाउस्तिनोच्या नातवाचं बारसं होतं. एक घोट. आग्रहाचा. मग कोर्टात म्हटलं थेंबही नाही, कारण एक घोट म्हटलं की ते दहा लिहितात. लोकांसमोर म्हणायचो ब्रेक गेला. पण मनात मला वाटायचं, त्या घोटानेच माझा पाय उशिरा पडला. क्रेसेन्सियाला मीच लंगडी केली."

काका, बाबा सव्वीस वर्षं रोज क्रेसेन्सियाच्या घरी विहिरीचं पाणी भरतात. मला लहानपणापासून वाटायचं शेजारधर्म आहे.

पत्र घेऊन ते उठले आणि तिच्याकडेच गेले. मीही मागोमाग गेले, कारण मला राहवेना. तिने दारातच उभं राहून सगळं ऐकलं, घोटासकट. मग म्हणाली, "एक घोट? माझा नवरा एका घोटाला नाश्ता म्हणायचा." आणि मग तिचा आवाज चढला. "मी बाजारात सगळ्यांदेखत तुला दारुडा म्हणत आले, आणि तू माझं पाणी भरत ऐकून घेत होतास! मला वाटायचं, केवढा निर्लज्ज माणूस आहे!" बाबा म्हणाले, "ते तर खरंच आहे." ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. कॉफी झाली. शेवटी म्हणाली, "त्या तेलवाल्याला आणा इकडे. त्याला मला समोर बसवून बोलायचंय. घाबरू नका म्हणावं, मारणार नाही. उठून मारायला मला वेळ लागतो."

तुमचा कागद मी सोमवारी कोर्टात देते. काय करतील, लायसन परत देतील की नाही, ठाऊक नाही. बाबा म्हणतात, गल्लीने ऐकलं, आता कोर्टाने ऐकलं नाही तरी चालेल. मला चालणार नाही. मी पाठ सोडणार नाही, हे तुम्हाला आता माहीत आहे.

एलिसेओने बोटीवाल्याकडून खरं ब्रेक ऑइल आणलं. सीलबंद. तीन वेळा घाट उतरून आले, पायथ्यापर्यंत अकरा सेंटिमीटर. तुम्ही ग्वांतानामोपर्यंत बसने या, पुढे मी गाडी घेऊन येते. बाबा पुढच्या सीटवर असतील. मी विचारलं, काकांशी काय बोलाल? म्हणाले, "ते येताना बघू. आधी त्याला माझ्या गाडीतून तो घाट उतरू दे."

आज सकाळी ते सव्वीस वर्षांत पहिल्यांदा गाडीत बसले. गाडी बंदच होती. पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मी अंगणातून विचारलं, कसं आहे? म्हणाले, "कडक आहे." मग स्टिअरिंगवर डोकं टेकवून लहान पोरासारखे रडले, आणि त्यांचा पाय तेवढा वेळ ब्रेकवरच होता. मी आत गेले आणि हे पत्र लिहायला बसले.

या, काका. अठ्ठावीस तारखेला, गुरुवारी, दुपारपासून मी बसस्थानकावर असेन.

तुमची
सेनाइदा